युवराजचं घर

जळकोटजवळ हायवेवर झालेल्या अपघातात युवराज गेला. मागं त्याचा फोन राहिला, आणि त्यातल्या गेममध्ये नवरा-बायकोनं मिळून बांधायला घेतलेलं घर. त्याची बायको राजेश्वरी ते घर रोज थोडं वाढवायची. कधी ओसरी काढायची, कधी सासूसाठी देवघर. सासू, दगडाबाई, शेजारी बसून बघायची. कारण दिवस कलला की गेममधला युवराज, त्यानं स्वतःसारखा बनवलेला माणूस, कामावरून घरी यायचा.

वाशीहून चांगलं स्थळ सांगून आलं, तर राजेश्वरी नकोच म्हणाली. दगडाबाईनं तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"अजून किती खोल्या बांधशील पोरी?"

"आत्याबाई, हे घर सोडून मी कुठं जाऊ?"

"खऱ्या घरात जा. लेकरंबाळं होऊ दे. माझ्या लेकाला म्या सांभाळते."

शेवटी लग्न लागलं, आणि निघायच्या वेळी राजेश्वरी सासूच्या गळ्यात पडून लई रडली. गेम सुरू करून फोन तिच्या हातात देऊन गेली.

माणसं पांगल्यावर दगडाबाई चष्मा लावून बसली. युवराज आला आणि अंगणात उभा राहिला. राजेश्वरी बोटानं त्याला आत घ्यायची, तसं दगडाबाईनं काचेवर बोट फिरवलं. घर नुसतंच एका अंगाला सरकलं. युवराज होता तिथंच उभा.

"जरा थांब रं लेकरा," ती फोनला म्हणाली, "कुणाला तरी इचारून येते, तुला घरात कसं घ्यायचं ते."