तोंडाने सांगा

"माझी आई 'नाही' म्हणत होती, तरी तुम्ही तिला उचलून नेलंत," सियासी म्हणाली. "तिकडे शहरात ती परक्यांत मेली. आणि आज तुम्ही इथे बसून आमचा चहा पिताय."

उत्तरेच्या बर्फातल्या त्या गावचं सभागृह भरलेलं होतं. बाहेर वारा पत्र्याच्या भिंतीवर कोरडा बर्फ घासत होता. टेबलापलीकडे आरोग्य खात्याचे डॉक्टर बसले होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला, आई आजारी पडली तेव्हा, गावच्या दवाखान्यात तेच होते. आता खात्यात वर चढले होते, आणि सियासीची तक्रार गेली तेव्हा खात्याने चौकशीला त्यांनाच पाठवलं. ज्याने घर पेटवलं त्यालाच राख बघायला धाडायचं, ही खात्याची जुनी रीत.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तुमच्या आई 'नाही' म्हणाल्या नाहीत. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, इथेच, घरी राहायचंय का? गप्प. मग विचारलं, शहरातल्या इस्पितळात नेऊ का? तरी गप्प. दुभाषी तर तुम्हीच होतात. सांगा, बोलल्या त्या?"

"गप्प!" मागच्या बाकावरून काप्पिककाका आपल्या भाषेत ओरडला. "उलूती आणि गप्प! अहो, माझी वहिनी झोपेतसुद्धा भांडायची!"

"तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता तिच्या," सियासी डॉक्टरांना म्हणाली. "कशाने बोलणार? पहिल्या प्रश्नाला तिने भुवया वर केल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? म्हणजे हो! घरी राहायचंय. आणि इस्पितळाचं विचारलंत तेव्हा तिने नाक मुरडलं. ते नाही."

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.

"गोऱ्याला शिकवतेयस होय, पोरी?" काका म्हणाला. "आपला योअनासी फोनवरसुद्धा भुवया उडवतो. आणि वर चिडतो, पलीकडचा बहिरा आहे म्हणून."

लोक हसले. लोक हसले म्हणून डॉक्टरही हसले, कशाला ते न कळता.

सियासी हसली नाही. योअनासीचा हा विनोद तिने लहानपणापासून ऐकला होता. आज पहिल्यांदाच तिला त्यातला पलीकडचा माणूस दिसला.

"म्हणजे तुम्हाला..." तिने विचारलं, "तुम्हाला ते कळलंच नव्हतं?"

"मास्कच्या वर नाक आक्रसलेलं दिसलं मला," डॉक्टर म्हणाले. "वाटलं, फार दुखतंय बिचारीला. म्हणून तर लगेच सुई दिली." मग जरा हळू म्हणाले, "मला कोण सांगणार होतं?"

त्या दिवशी सियासी खाटेच्या उशाशी उभी होती. डॉक्टरांचा शब्दन् शब्द तिने आईला सांगितला होता. आईच्या चेहऱ्याचं तिने काही सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय? बाहेर थंडी आहे, हे कोणी कोणाला सांगतं का? ज्याला डोळे आहेत त्याला दिसलंच असणार. डॉक्टरांना दिसलं, आणि दिसूनही त्यांनी स्वतःचंच खरं केलं, असं तिने धरलं. असेच असतात हे, आपल्याला कधी विचारलंय यांनी! म्हणून ती तोंड मिटून राहिली. रागाने मिटलेलं तोंड. सगळा हिवाळा तिने तो राग निखाऱ्यासारखा फुंकून जिवंत ठेवला होता. त्याच्यावरच ती आज इथवर आली होती.

सुई देण्याआधी आईने पुन्हा एकदा नाक मुरडलं होतं. डॉक्टरांकडे बघून नाही. लेकीकडे बघून.

आणि लेकीने काय केलं? आईच्या कोटाची टोपी नीट केली. गळ्यापर्यंत चेन ओढली. विमान उभं होतं.

"पोरी, खाली बस," काका म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

ती बसली नाही. "मी बोलले नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "ते माझ्या पदरात. त्याचं मी बघून घेईन. आता मी विचारते त्याचं उत्तर द्या. मी तेव्हा मोठ्याने म्हटलं असतं, की आई नाही म्हणतेय, तिला घरी मरायचंय, तर तुम्ही तिला इथे ठेवलं असतं?"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. काप्पिककाकाने मान खाली घातली. त्या भुवया सगळ्या गावाने वाचल्या होत्या. सियासीनेही वाचल्या. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

डॉक्टर तसेच बसले होते, कपाळाला आठ्या, भुवया अजून वरच. ओठ जागचे हलले नव्हते.

"हे आमचं 'हो' आहे," तिने विचारलं, "की तुमचं नुसतं आश्चर्य?"

डॉक्टरांचा हात कपाकडे गेला.

"भुवया नकोत, डॉक्टर. तोंडाने सांगा."