गटारीचा दुसरा दिवस

"गटारीला इंटरनेटवर मेकअप कोण शोधतंय?" साहेब हसले. सण दोन महिने लांब होता, पण मेकअप कंपनीच्या जाहिराती लोकांनी कोणते शब्द शोधल्यावर दाखवायच्या, ते आजच ठरायचं होतं.

वृंदाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. गटारीच्या दुसऱ्या दिवशी एक शोध दरवर्षी उसळत होता: 'माराचे वळ कसे लपवायचे?'

"अगं, सोनं आहे हे! तुला सापडलं कसं?"

तिला गेल्या गटारीचा ओटा आठवला. पिऊन आलेल्या नवऱ्याने केसांना धरून तिचं तोंड कडप्प्याच्या कडेवर आपटलं होतं, पुन्हा पुन्हा, दात हलेपर्यंत. सकाळी एकाच उघड्या डोळ्याने तिने मोबाइलवर हेच शब्द टाइप केले होते.

"मीच शोधलं होतं, सर."

साहेबांनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मग जाहिरात तूच लिही. तुला बरोबर जमेल."