बहिऱ्या देवाची फळी

ओसाकातल्या त्या गल्लीतल्या शिंतो देवळासमोर तिथल्या रीतीनं रोज टाळ्या वाजवून मालिनीबाईंचे तळहात लाल झाले होते, पण एबिसू देवाला काही पाझर फुटेना. "परक्या मुलखातला असला म्हणून काय झालं? लेकीचा मोडलेला संसार जुळू दे, एवढंच मागतेय. ढिम्म हलत नाही मेला!"

"त्याला ऐकू कमी येतं, आई," शेजारी उभी असलेली ऋजुता म्हणाली. "इथले लोक देवळामागं जाऊन फळी ठोठावतात, मग मोठ्यानं गाऱ्हाणं सांगतात."

"मग हे आधी नाही का सांगायचंस?" बाई तरातरा मागं गेल्या आणि फळीवर मुठी आपटत ओरडल्या, "ऐकतोयस ना रे? हिला नवऱ्याकडे परत जायची बुद्धी दे!"

"आई, मी घर का सोडलं ते तुला सांगितलंय ना..."

"माहितेय गं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. तू गप्प बस, मला देवाशी बोलू दे."

त्यांनी पुन्हा मूठ उगारली, तेवढ्यात त्यांच्याच पाठीवर टकटक झाली. ऋजुता बोटं वाकवून मागं उभी होती. बहिऱ्याशी बोलावं तसं ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आई, तो मारायचा मला."