पांढऱ्या काठाची घोंगडी

क्षेपणास्त्रं सोडणारी नवी विनाशिका आणायला मुंबईला नेव्हीत असलेला भुजंग रशियाला निघाला. तिथल्या थंडीसाठी बोरी गावात त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, आपल्याच मेंढरांची लोकर कातून घोंगडी करून घेतली. काठाची पांढरी लोकर सरली, म्हणून एका कोपऱ्यात काठ तुटका राहिला. घोंगडी पोचवायला सासू म्हाळसाबाई स्वतः मुंबईला गेली. "नेव्हीवाल्यांच्या बायकांना मुंबईत राहू देत न्हाईत," हे परत येऊन तिनंच सांगितलं.

दोन वर्षांनी विनाशिका नौदलात दाखल झाली आणि पेपरात फोटो आला. शाळेतल्या गुरुजींनी केवळाबाईला फोटोखालची ओळ वाचून दाखवली, "नव्या जहाजावर नौसैनिक सहकुटुंब." भुजंगाला खेटून एक परकी बाई उभी होती. त्यांच्या पायाशी घोंगडीवर एक लेकरू बसलं होतं. घोंगडीचा काठ कोपऱ्यात तुटका होता.

केवळाबाईनं धावत घरी जाऊन पेपर सासूपुढं आदळला. "आत्या, बघा तुमच्या लेकानं काय केलं!"

म्हाळसाबाईनं फोटोतल्या लेकराच्या गालावरून हळूच बोट फिरवलं.

 

"लय मोठं झालं की गं. मी मुंबईला गेले तवा पाळण्यात होतं."