बोटाची पारख

वस्ताद आचाऱ्याला मांसात खुपसायच्या थर्मामीटरचा तिटकारा. "काटा बघून मांस भाजणं म्हणजे घड्याळ बघून भूक लागणं," म्हणायचा. तव्यावरचा पोर्क चॉप, म्हणजे डुकराच्या मांसाचा जाड तुकडा, डोळे मिटून बोटानं दाबून कच्चा की शिजला, अचूक सांगायचा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हात पुन्हा हलू लागला, पण बोटं बधिरच राहिली. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. आज हॉटेलच्या मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. "वस्ताद, कच्चं वाढलंत तर गिऱ्हाईक मरेल. जमत नसेल तर घरी बसा." समोर लटकलेल्या थर्मामीटरकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. डोळे मिटून चॉप दाबला. काहीच कळेना. आणखी दाबला. "झाला का?" "थांबा हो, मांस काय पळून जातंय?" "अहो, बोट! तव्याला टेकलंय!" बाईंनी हात खेचला. बोटाचं सालपट तव्यावर चरचरत होतं. वस्ताद चॉपकडेच बघत होता. शिजला की नाही, अजूनही कळलं नव्हतं.