पाळीतली रेंज

निकिताने तारेच्या कुंपणाशी उभं राहून विहिरीच्या मोटरला पुन्हा कॉल लावला. फोन वडिलांचा, भिमाजीचा होता.

"आपण डायल केलेला क्रमांक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे."

मोटरचा स्टार्टर तिथून तीस पावलांवर होता. कुंपणापलीकडे, वाल्मिककाकांच्या रानात, कुलूप लावलेल्या खोलीत.

विहीर दोघा चुलतभावांची. दोन दिवस वाल्मिक, दोन दिवस भिमाजी. पाळी सकाळी सहाला बदलायची. बांधावरून भांडण झाल्यापासून वाल्मिकने भिमाजीची वाट तारेने बंद केली होती. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड होतं. घरून मिस कॉल दिला की मोटर सुरू व्हायची. भिमाजीचा विहिरीशी तेवढाच संबंध उरला होता. आता चौथी पाळी कोरडी चालली होती. कांद्याची पात पिवळी पडली होती. दुपारचे चार वाजले होते, आणि थ्री-फेज लाईट संध्याकाळी सहाला जाणार होती.

वाल्मिक खोलीसमोर बाजेवर बसून तंबाखू मळत होता. किल्ली त्याच्या मांडीजवळ पडली होती.

"रेंज न्हाई त्याला मी काय करू? मी टॉवर हाय व्हय?"

"काका, खोली उघडा. एकदा बघू द्या."

"ह्या रानात पाय ठेवायचा न्हाई. तुज्या बापाला ठावं हाय."

भिमाजी मुलीच्या मागे उभा होता.

"पेटी बंद असती तर फोनवर वेगळं ऐकू आलं असतं," निकिता म्हणाली. "फोन बंद होताना टॉवरला सांगून बंद होतो. मग आपल्याला 'स्विच ऑफ' म्हणतात. ही पेटी चालू आहे. टॉवर तिला हाका मारतोय, तिला ऐकू जात नाहीत."

"मंग त्याला म्हन, जरा जोरात मार."

"आणि ऐकू यायला लागलं की ती पहिल्यांदा टॉवरला हजेरी देते. मग ज्याचा कॉल चुकला त्याला कंपनीचा मेसेज येतो, नंबर आता उपलब्ध आहे म्हणून. आण्णांना असे तीन आलेत." तिने फोन वर धरला आणि वाचलं. "तीन तारीख, सकाळी सहा वाजून चार मिनिटं. सात तारीख, सहा वाजून दोन. अकरा तारीख, सहा वाजून पाच."

वाल्मिकचा अंगठा तळहातावर थांबला.

"आमची पाळी संपली की पाच मिनिटांत रेंज येते, काका. इतका वेळेचा पक्का टॉवर मी कॉलेजात हेच शिकताना कुठं पाहिला नाही."

"लई शिकवली भिमाण्णा पोरगी. आता तिच्या सासरच्यांना वाचून दाखव म्हनाव मेसेज."

"शिकली म्हनून तर कळलं," भिमाजी म्हणाला.

"काय कळलं? रेंज हाय ती. येती, जाती. पोलिसात जा, न्हाईतर तलाठ्याकडं जा. मेसेजवर कांदा भिजत आसंल तर भिजव जा."

वाल्मिकची बायको छबूबाई गवताचा भारा घेऊन गोठ्याकडे चालली होती. ती कधीची थांबली होती ते कोणाला कळलं नाही. तिने भारा खाली टाकला, बाजेजवळ आली आणि किल्ली उचलली.

"कुटं चालली?"

"माजा डबा बगते."

"छबे."

तिने कुलूप काढलं. आत स्टार्टरच्या पेटीवरून पत्रा घासत निघाल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत वरून कापलेला तेलाचा पंधरा किलोचा डबा होता. बुडावर कोळिष्टक चिकटलं होतं.

"दोन दिस झालं हुडकतीया," ती कोणाकडेच न पाहता म्हणाली. "गहू भरायचं हायेत मला."

निकिताच्या हातातला फोन वाजला. एकदाच, मेसेजचा. तिने तो उघडला नाही. तिने मोटरचा नंबर लावला. पलीकडे रिंग गेली, तुटली, आणि खोलीत स्टार्टर खट्‌ करून बसला. विहिरीतून मोटरचा घुमारा वर आला. भिमाजी वळला आणि कांद्याकडे पळत सुटला.

वाल्मिकने तंबाखू ओठात धरली.

"बघ," तो निकिताला म्हणाला. "आली रेंज."

छबूबाईने डबा खोलीच्या दारात पालथा घातला आणि त्यावर बसली. सहाला लाईट गेली, मोटर थांबली, तेव्हा उठली.