मी बाजूला झालोय

एकोणीस दिवस समुद्रावर काढून आम्ही नवरा-बायकोने भर दुपारी बोट धक्क्याला लावली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. बोटीखालच्या इंजिनाच्या पंख्यात दोर गुरफटला होता. "पाण्यात उतरून कापून टाकतो," म्हणत नवरा सुरी घेऊन बाहेर पडला. आमची खूण ठरलेली: बोटीच्या तळावर तीन ठोके म्हणजे 'मी बाजूला झालोय, इंजिन चालू कर.'

पाचच मिनिटांत खालून तीन ठोके आले. स्वारीने कधी नव्हे ते काम झटपट उरकलं, म्हणत मी इंजिन चालू केलं.

काहीतरी कचाकचा कापलं गेलं. मागचं पाणी लालभडक उसळलं. मी किंचाळत इंजिन बंद केलं.

"अगं, झालं काय?" धक्क्यावरून नवरा ओरडला. हातात सुरी, अंग कोरडं ठणठणीत. "मी उतरलोच नाही अजून!"

तळावर पुन्हा तीन ठोके पडले.